आहाराचा पिरॅमिड आपल्या ताटापर्यंत कसा आला



दवाखान्याच्या भिंतीवर, नातवंडांच्या विज्ञानाच्या पुस्तकात, कधी पिठाच्या पिशवीवरसुद्धा तो त्रिकोण आपण पाहिलेला असतो. खाली रुंद भागात पोळी-भात, मधे भाज्या-फळं, वर दूध-डाळी आणि अगदी टोकाला तेल-साखर. त्याला अन्नाचा पिरॅमिड म्हणतात. बऱ्याच जणी तो बघतात आणि पुढे जातात, कारण त्यात अंडी-मासळी काढलेली असते, बटाटे-गाजरं असतात. हे काही आपल्यासाठी नाही असं वाटतं.

मला मात्र त्याचा इतिहास वाचल्यापासून तो त्रिकोण आपलासा वाटू लागला आहे. तो मुळात महागाईत घर चालवणाऱ्या बायकांसाठी काढला गेला होता, आणि नंतर प्रत्येक देशाने तो आपल्या ताटाप्रमाणे पुन्हा काढला. तर मग आपल्या मर्यादा सांभाळून आपणही आपला काढू शकतो. आज तोच इतिहास सांगते आणि शेवटी आपल्या किराणाच्या यादीवर येते.

महागाईतून जन्मलेला त्रिकोण

गोष्ट स्वीडनची. १९७२ च्या सुमारास तिथे अन्नधान्याचे भाव खूप चढले होते. घर चालवणं अवघड झालं तेव्हा तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने एक साधी विभागणी केली: रोज लागणारे, स्वस्त आणि पौष्टिक असे मूळ पदार्थ एका बाजूला आणि त्यांना जोड देणारे पूरक पदार्थ दुसऱ्या बाजूला. तिथल्या ग्राहक सहकारी संस्थेच्या प्रयोग-स्वयंपाकघराच्या प्रमुख होत्या अ‍ॅना-ब्रिट अ‍ॅग्नसेटर. त्याआधी आहाराचं चित्र गोल चकतीसारखं काढत. गोलात सगळे भाग सारखेच दिसतात. काय किती खायचं ते कळत नाही. अ‍ॅग्नसेटरबाईंनी गोल सोडून त्रिकोण घेतला आणि १९७४ मध्ये तो त्या सहकारी संस्थेच्या मासिकात छापून आला. पाया रुंद म्हणजे ते जास्त, टोक अरुंद म्हणजे ते कमी. वाचता न येणाऱ्यालाही समजेल इतकं सोपं.

त्यांच्या पायात ब्रेड, धान्य, दूध आणि बटाटा होता. मधे भाज्या आणि फळं, टोकाला मांस, मासे, अंडी. म्हणजे आपल्याला न चालणारं जे आहे, ते त्यांच्याकडेही टोकाला होतं, कारण ते महाग होतं. बटाटा तेवढा पायात राहिला. त्याचं आपण काय करायचं ते पुढे येईलच.

त्याच १९७२ मध्ये आपल्या महाराष्ट्रात मोठा दुष्काळ होता. मी तेव्हा शाळेत होते. रेशनवर मिळणारी लालसर मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी हे शब्द माझ्या वयाच्या बायकांना अजून आठवत असतील. तिकडे बाया महागाईत ताट कसं भरायचं ते शिकत होत्या, इकडे ताटात काही पडतं का याची चिंता होती. प्रश्न मात्र एकच: आहे तेवढ्या पैशात घरातल्या सगळ्यांची पोटं नीट कशी भरायची.

अमेरिकेने तो जगभर नेला

अमेरिकेत आहाराचे गट पाडण्याची पद्धत त्याआधीपासून होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, त्यांनी सात गट केले. त्यात लोण्याला स्वतंत्र गट होता! १९५६ मध्ये सातांचे चार झाले. मग १९९२ मध्ये तिथल्या शेती खात्याने पिरॅमिड प्रसिद्ध केला आणि तोच चित्ररूपाने जगभर पसरला. पायात ब्रेड, भात, धान्य यांचे दिवसाला ६ ते ११ भाग, भाज्यांचे ३ ते ५, फळांचे २ ते ४, दुधाचे २ ते ३, मांस-डाळी-सुकामेवा यांचे २ ते ३ आणि टोकाला तेल, तूप, साखर जपून.

हा पिरॅमिड खरं तर १९९१ मध्येच तयार होता. पण मांस आणि दुधाच्या व्यापाऱ्यांना आपला माल वर, छोट्या जागेत दाखवलेला आवडला नाही. त्यांनी तक्रार केली, चित्र मागे घेतलं गेलं आणि वर्षभराने पुन्हा आलं. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ताटाचं चित्र काढताना शास्त्राबरोबर बाजारही जवळ बसलेला असतो. म्हणून असं कुठलंही चित्र आपण डोळे उघडे ठेवून बघावं.

पुढे त्यातली उणीवही लोकांनी दाखवली. पायात नुसतं 'धान्य' म्हटलं की मैद्याचा पाव आणि हातसडीचा तांदूळ एकाच रांगेत बसतात. २००५ मध्ये अमेरिकेने त्रिकोणावर उभे रंगीत पट्टे काढले आणि बाजूने पायऱ्या चढणारा माणूस दाखवला, म्हणजे व्यायामही करा. २०११ मध्ये त्रिकोणच सोडला आणि ताट काढलं: अर्धं ताट भाज्या-फळांचं, उरलेल्या अर्ध्यात धान्य आणि प्रथिनं, शेजारी दुधाचा पेला. ताटात वाढून घेण्याची आपली पद्धत, मीठ-लिंबापासून भातापर्यंत प्रत्येकाची जागा ठरलेली! आपल्याला ते चित्र नवीन वाटायचं कारण नव्हतं.

आपल्या देशातलं काम: कुन्नूरची एक खोली

आपल्याकडे हे शास्त्र परदेशातून तयार होऊन आलं असं समजू नका. १९१८ मध्ये निलगिरीतल्या कुन्नूर इथे, पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत, डॉ. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरी या रोगाची चौकशी सुरू केली. पांढरा पॉलिशचा तांदूळ खाऊन हा रोग होतो, कारण कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व निघून जातं. पुढे तिथे पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली, १९५८ मध्ये ती हैदराबादला गेली आणि १९६९ पासून तिचं नाव राष्ट्रीय पोषण संस्था असं झालं.

मॅककॅरिसन यांनी भारतातल्या वेगवेगळ्या प्रांतांचं जेवण उंदरांना देऊन पाहिलं. कोंड्यासकट गव्हाची पोळी, डाळ, दूध, लोणी आणि भाजी यांवर वाढलेले उंदीर सर्वांत धडधाकट निघाले. पॉलिशचा भात आणि त्याला फारशी जोड नसलेल्या जेवणावर ते अशक्त राहिले. आपल्यासारख्यांना हे वाचताना त्या मुक्या जिवांचं वाईट वाटतंच. पण त्यातून समोर आलेलं सत्य आपल्या आजी-पणजीच्या जात्यावरच्या पिठाच्या बाजूचं होतं.

१९३७ मध्ये तिथलेच डॉ. आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांत काय किती आहे याची पुस्तिका काढली आणि तिच्या नावातच समाधानकारक आहाराचं नियोजन हा विषय होता. १९७१ मध्ये डॉ. गोपालन आणि सहकाऱ्यांनी ती नव्याने, मोठी करून लिहिली. ज्वारीत किती प्रथिनं, नागलीत किती कॅल्शियम, हे आपण आज सहज बोलतो ते याच तक्त्यांमुळे.

आपली कमलाताई आणि आपले सुखात्मे

या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत एक मराठी बाई सहायक संचालक होत्या: डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवतांची बहीण. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत. एक वर्ष काम बघून ठरवू या अटीवर आत गेल्या, आणि त्या वर्षानंतर मुलींसाठी ते दार उघडलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या परत आल्या. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.

मला त्यांचं जास्त कौतुक वाटतं ते त्यांनी निवडलेल्या विषयांसाठी. बंगळुरूला त्यांनी अभ्यास केला तो दूध आणि डाळींतल्या प्रथिनांचा, म्हणजे बरोबर आपल्या ताटातल्या दोन आधारांचा. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवताना त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्यांतल्या अशा घटकांवर काम केलं की जे कच्चे राहिले तर प्रथिनं पचू देत नाहीत. वालासारख्या कडधान्यातून त्यांनी ते वेगळे करून दाखवले. म्हणून कडधान्य भिजवून, नीट शिजवून खायचं ही रीत नुसती चवीची नाही. त्यांचं नीरेवरचं कामही गाजलं. ते आपल्या घरात येणारं पेय नाही, पण कुपोषित मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी स्वस्तातलं काय देता येईल हा त्यांचा शोध आपल्याला परका नाही. आरे दूध प्रकल्पाला त्यांनी सल्ला दिला आणि १९६६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेत बायकांना भेसळ आणि मापाबद्दल जागं केलं.

दुसरे आपले मराठी गृहस्थ म्हणजे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा, शिक्षण संख्याशास्त्राचं. संयुक्त राष्ट्रांच्या रोममधल्या अन्न संघटनेत ते सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते आणि निवृत्तीनंतर पुण्यात येऊन काम करत राहिले. मी कॉमर्सची, त्यामुळे आकड्यांचा माणूस भेटला की मला बरं वाटतं. त्या काळात जगभर 'प्रथिनांचा तुटवडा' हा शब्द गाजत होता. सुखात्म्यांनी आकडे मांडून सांगितलं की, गरीब माणसाला वेगळी प्रथिनं पुरवण्याआधी त्याचं पोट भरा. धान्य आणि डाळ पुरेशी मिळाली तर प्रथिनंही बरीचशी मिळतात. पोटच भरलेलं नसेल तर शरीर ती प्रथिनंसुद्धा सरपणासारखी जाळून टाकतं.

त्यांचं दुसरं म्हणणं असं की सरासरी म्हणजे प्रत्येकाची गरज नव्हे. दोन सारख्या वयाच्या, सारख्या वजनाच्या बायकांना वेगळं अन्न लागू शकतं, आणि एकीलाच आज वेगळं, उद्या वेगळं. पुण्यातच गोखले संस्थेच्या दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये माणशी २,२५० कॅलरी धरून गरिबीची रेषा आखली होती. त्यावर पुढे दांडेकर आणि सुखात्मे यांच्यात मोठा वाद झाला. वादात कोण बरोबर हे ठरवायची माझी पात्रता नाही. पण तक्त्यातला आकडा हा अंदाजपत्रकासारखा असतो, हे मी त्यांच्याकडून घेतलं. महिनाअखेर खर्च त्याच्या आसपास हवा. रोज पैशा-पैशाला जुळला पाहिजे असं नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसली तर ताट बिघडत नाही. आठवड्याचा हिशोब जुळवावा.

आपल्या धर्मातला त्रिकोण

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा बाह्य तपं सांगितली आहेत. पहिलं अनशन म्हणजे उपवास आपल्याला पटकन आठवतं. दुसरं अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा थोडं कमी खाणं, आणि चौथं रसपरित्याग. आपल्या जुन्या ग्रंथांत पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घासांचा आणि स्त्रीचा २८ घासांचा सांगितला आहे. त्यातून एक-एक घास कमी करत जाणं हे अवमौदर्य. मुनींसाठी पोटाचे चार भाग सांगितले: दोन अन्नाला, एक पाण्याला, एक मोकळा.

रसपरित्यागातले सहा रस कोणते? दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ. आता पिरॅमिडचं टोक आठवा: तेल, तूप, साखर आणि हल्ली मीठ. मी असं म्हणत नाही की आपल्या आचार्यांनी आहारशास्त्र लिहिलं. त्यांचा हेतू जिभेवर आणि आसक्तीवर ताबा मिळवण्याचा, डॉक्टरांचा हेतू रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवण्याचा. वाटा वेगळ्या आहेत. पण रविवारी मीठ सोडणाऱ्या, एखाद दिवशी तूप-तेल सोडणाऱ्या बायकांना टोक अरुंद ठेवणं कठीण जायला नको.

आपली अडचण टोकाची नाही, मधल्या भागाची आहे. आपण सोडायला शिकलो, भरायला विसरलो. उपवास, एकाशन, हिरवीचा त्याग, द्विदळाचा त्याग हे सगळं सांभाळताना वगळलेल्या पदार्थाच्या जागी काय आलं हे कुणी बघत नाही. घरातल्या बाईच्या ताटात तर सगळ्यांचं झाल्यावर जे उरतं तेच येतं, आणि उरतं बहुधा पोळी-भात. वरण भांड्याच्या तळाला गेलेलं असतं.

बाईच्या ताटाचा हिशोब

राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराच्या सूचना पहिल्यांदा १९९८ मध्ये काढल्या, २०११ मध्ये सुधारल्या आणि २०२४ मध्ये पुन्हा नव्याने, सतरा सूचनांच्या रूपात दिल्या. २०११ मध्ये आपला भारतीय पिरॅमिड होता: धान्य, डाळी, दूध पुरेसं, भाज्या-फळं सढळ, तेल बेताने, साखर आणि तळकट अगदी कमी. २०२४ मध्ये त्यांनीही दिवसभराचं ताट काढलं. २,००० कॅलरींसाठी ते असं:

धान्य २५० ग्रॅम
डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम (मांसाहारी घरात अंडी-मांस याच खान्यात येतं, आपल्याला पूर्ण डाळ)
भाज्या ४०० ग्रॅम, त्यात बटाटा धरायचा नाही
फळं १०० ग्रॅम
दूध-दही ३०० मिली
शेंगदाणे, तीळ, सुकामेवा ३५ ग्रॅम
तेल-तूप मिळून २७ ग्रॅम

बटाटा धरायचा नाही! पन्नास वर्षांत तो पायातून निघून ताटाच्या हिशोबाबाहेर गेला. आपल्या घरांत तर त्याच्या जागी कच्ची केळी आणि लाल भोपळा कधीपासून आहेत.

धान्याचा वाटाही आता कमी झाला. निम्म्याहून बरीच जास्त ऊर्जा आपण पोळी-भातातून घेतो. ती ४५ टक्क्यांच्या आसपास आणा आणि डाळ वाढवा, असं या सूचना सांगतात.

आता एका बाईचं नेहमीचं ताट घेऊ. ५५ किलो वजनाच्या बाईला रोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात असं संस्थेचं २०२० चं प्रमाण आहे. दिवसभरात पाच पोळ्या, म्हणजे दीडशे ग्रॅम पीठ: १८ ग्रॅम प्रथिनं. मूठभर तांदळाचा भात: साडेतीन. पातळ वरणातली २० ग्रॅम डाळ: साडेचार. चहातलं आणि इतर मिळून दीडशे मिली दूध: पाचच्या आत. भाजीचे दोन-तीन. बेरीज तेहेतीस-चौतीस. पोट भरलं, पण बारा ग्रॅमची तूट राहिली. ही तूट रोजची असते आणि ती साठी आली की गुडघ्यात, हातापायांच्या दुबळेपणात जाणवते.

भरायला डबाबंद पावडर लागत नाही. डाळ ४० ग्रॅमने वाढवली की ९ ग्रॅम आले, मूठभर शेंगदाणे-तिळाचे ४, वाटीभर दही किंवा पेलाभर दुधाचे ५. तूट भरून वर थोडी शिल्लक. सुखात्म्यांचं म्हणणं इथे घरगुती मापात दिसतं.

नाशिकच्या बाजारातून, आपल्या मर्यादेत

आपल्याकडची एक दिवसाची आखणी बघा. सकाळी सूर्योदयानंतर मुगाच्या डाळीची दोन धिरडी (३० ग्रॅम डाळ), थोड्या वेळाने पेलाभर दूध. दुपारी चार पोळ्या, तुरीचं घट्ट वरण (३० ग्रॅम डाळ), थोडा भात, गवारीची भाजी, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, लिंबाची फोड. चार वाजता फळ आणि तिळाचा किंवा शेंगदाण्याचा छोटा लाडू. सूर्यास्तापूर्वी ज्वारीच्या किंवा बाजरीच्या दोन भाकरी आणि दुधी-चणाडाळ (२५ ग्रॅम डाळ). डाळीचे ८५ ग्रॅम पूर्ण, धान्याचे २५० जवळपास पूर्ण. वयस्कर, बैठं काम असलेल्या बाईला १,६०० ते १,७०० कॅलरी पुरतात. तेव्हा कमी करायचं तर पोळी आणि तेल कमी करा, डाळ-भाजी-दूध नको.

द्विदळ पाळणाऱ्यांनी दही डाळीच्या जेवणात न घेता मधल्या वेळी घ्यावं. मोड आलेलं कडधान्य ज्यांना चालत नाही त्यांनी भिजवून पूर्ण शिजवलेलं खावं. सोहोनीबाईंचं काम वाचल्यावर त्यात काही गमावल्यासारखं वाटत नाही.

चातुर्मासात पालेभाजी बंद असते. तेव्हा ४०० ग्रॅम भाजी भरायला दोडका, गिलकं, पडवळ, भेंडी, तोंडली, कारलं, दुधी, लाल भोपळा आहेतच. पालेभाजीतून मिळणाऱ्या लोहासाठी बाजरी आणि डाळ, आणि ते अंगी लागावं म्हणून जेवणात लिंबू किंवा आवळा. जेवणाला लागून चहा घेऊ नका. तो लोह अंगी लागू देत नाही. कॅल्शियमसाठी दुधाबरोबर नागली आणि तीळ. नागलीत शंभर ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गहू-तांदळाच्या कितीतरी पट. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम लागतं. ब-१२ मात्र धान्य-भाजीत नाही. आपल्याला ते दुधा-दह्यातूनच मिळतं आणि अनेकदा अपुरं पडतं. रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यायला कमीपणा मानू नये. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळीचं प्रमाणही डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आणि हे सगळं मिळतं कुठे? सुरगाणा, पेठ, इगतपुरी, त्र्यंबकची नागली आणि खुरासणी, येवला-नांदगावकडची बाजरी, बागलाणची डाळिंबं, निफाड-दिंडोरीची द्राक्षं, पिंपळगावचे टोमॅटो, नाशिकची भगर. लासलगावचा कांदा आपण घेत नाही, तरी हा जिल्हा आपलं ताट पूर्ण भरून देतो. मांगीतुंगीला किंवा गजपंथाला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघा.

किराणाची यादी हाच आपला पिरॅमिड

रोज वजनकाटा घेऊन कुणी स्वयंपाक करत नाही. मी महिन्याच्या किराणाच्या यादीवरून बघते. चार मोठ्या माणसांच्या घरात त्या ताटाप्रमाणे महिन्याला काय लागेल?

धान्य आणि सगळी पिठं मिळून ३० किलो. आपल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि थंडीत सात दिवसांची असते. त्यामुळे दळण थोडं-थोडं आणि ताजं येतं, कोंडाही टिकतो.

डाळी, कडधान्यं आणि बेसन मिळून १० किलो. म्हणजे तीन किलो धान्याला एक किलो डाळ. हे एकच प्रमाण लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. आपल्या गेल्या महिन्याच्या बिलात डाळ किती होती ते काढून बघा. बहुतेक घरांत इथेच फरक दिसेल.

शेंगदाणे, तीळ, सुकामेवा चार किलोच्या आसपास.

तेल आणि तूप दोन्ही मिळून सव्वातीन किलो. पंधरा किलोचा डबा साडेचार महिने पुरला पाहिजे, आणि त्यात तूपही आलं.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे एक किलोची पिशवी पन्नास दिवस. पापड, लोणचं, फरसाण यांतलं मीठ यातच धरायचं, त्यामुळे पिशवी त्याहून जास्त टिकायला हवी.

भाजी चौघांना रोज दीड किलोहून थोडी जास्त.

घरचं बिल या आकड्यांशेजारी ठेवलं की आपला त्रिकोण कुठे फुगला आणि कुठे खचला ते लगेच दिसतं. डाळ वाढल्याने बिल वाढेल असं वाटेल, पण तेल, साखर, मैद्याची बिस्किटं आणि फरसाण कमी झालं की बरंचसं भरून निघतं. अ‍ॅग्नसेटरबाईंनी तो त्रिकोण महागाईतच काढला होता.

दशलक्षणात ज्यांचे उपवास, एकाशन असतील त्यांनी आधीचा आणि नंतरचा आठवडा नीट आखावा. पारण्याला मुगाचं पाणी, मग मऊ भात-वरण, आणि पुढचे आठ दिवस डाळ-दुधाचं प्रमाण ठरवून. तप शरीराच्या आधाराने होतं. ते शरीर टिकवण्याची जबाबदारीही आपलीच.

एक गोष्ट मात्र आजपासूनच करता येईल. वाढताना वरणाची पहिली घट्ट वाटी स्वतःसाठी बाजूला काढून ठेवा. शेवटी बसलात तरी ती तुमचीच राहील.

जय जिनेंद्र.